मार्चमध्ये फोन कोण उचलणार?

पत्र

सर,

मी मिरजेला राहते. कोल्हापुरातल्या एका छोट्या कंपनीत तीन वर्षं लाराव्हेलवर, म्हणजे पीएचपी भाषेतल्या एका फ्रेमवर्कवर (वेब प्रोग्रॅमचा तयार सांगाडा) काम केलं. आता कॉलेजचा एक मित्र आणि मी मिळून स्वतःची कामं घेतो. तासगावजवळच्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं काम मिळालंय. मालकांची स्वतःची अडतही (दलालीची पेढी) आहे. शेतकऱ्याचा माल आला की आवक पावती, लॉट नंबर, कुठल्या चेंबरमध्ये ठेवला त्याची नोंद, सौदा झाल्यावर गेटपास, भाडं आणि हमालीचा हिशेब, मालावर दिलेली उचल, शेवटी मराठीत पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) आणि शेतकऱ्याला एसएमएस, असं सगळं करायचं आहे. आज हे फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधल्या एका प्रोग्रॅमवर चालतं. तो लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत. मालकांना फेब्रुवारीच्या आत नवीन हवंय.

मित्र पुण्यात दोन वर्षं रिॲक्टवर (पडद्यावरचा भाग बनवणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी) होता. तो म्हणतो, आज नेक्स्ट जेएसशिवाय नवीन काम कोण सुरू करतं, आणि पीएचपी म्हटलं की गिऱ्हाईकसुद्धा नाक मुरडतं. बंगळूरचा मावसभाऊ म्हणतो, दोन्ही सोडा, पायथन भाषेतलं जँगो घ्या, ॲडमिन (नोंदी भरायची पानं) आयतं मिळतं. यूट्यूब उघडलं की माझं मत रोज बदलतं. यातला सगळ्यात चांगला फ्रेमवर्क कोणता? आणि मित्राला न दुखावता सांगू कसं?

ता. क. सर्व्हर कुठे घ्यावा तेही सांगा.

एक डेव्हलपर, मिरज

उत्तर

लाराव्हेल घ्या.

आधीच सांगून टाकलं, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. माझी आवड विचाराल तर मी तुमच्या मावसभावाच्या पक्षातला आहे. माझी स्वतःची बहुतेक कामं जँगोवर आहेत आणि मला ते सोडावंसं वाटत नाही. पण काम माझं नाही. मार्चमध्ये रात्री साडेनऊला गेटवर बेदाण्याचे ट्रक उभे असताना गेटपास निघेना, की फोन तुम्हाला येणार. त्या वेळी ज्या भाषेतला एरर तुम्हाला झोपेतून उठूनही वाचता येतो, ती भाषा निवडायची. तुमच्या दोघांत तशी तीन वर्षांची सवय फक्त लाराव्हेलची आहे.

‘सगळ्यात चांगला कोणता’ या प्रश्नावर लोक तावातावाने भांडतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळं काम असतं. हे फ्रेमवर्क कुठे जन्मले ते पाहिलं तर बरंच कळतं. जँगो २००३ च्या सुमारास अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावी, तिथल्या स्थानिक वृत्तपत्राच्या वेब विभागात आकाराला आलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. बातमीदारांना आणि संपादकांना संध्याकाळच्या आत मजकूर भरता यायला हवा होता, म्हणून त्यात आयतं ॲडमिन आहे. रिॲक्ट फेसबुकमध्ये तयार झालं आणि २०१३ मध्ये बाहेर आलं. तिथली अडचण वेगळी होती: एकाच पडद्यावर गप्पा, सूचना, लाइक, सगळं सतत बदलतं आणि प्रत्येक आकडा दुसऱ्याशी जुळला पाहिजे. त्याच्यावर रचलेलं नेक्स्ट जेएस २०१६ चं. पान सर्व्हरवरच तयार होऊन चटकन दिसावं, गूगलला वाचता यावं, हा त्याचा मूळ जीव. लाराव्हेल २०११ चं, टेलर ऑटवेल यांचं. त्याने रूबी भाषेतल्या रेल्स या फ्रेमवर्ककडून पुष्कळ उचललं आणि पीएचपीच्या जगाला शिस्त लावली.

आता तुमचं काम बघा. तीन-चार कारकून, ठरलेले फॉर्म, भरपूर नियम, भरपूर छपाई. गूगलवर कोणी तुमचा गेटपास शोधायला येणार नाही. पडद्यावर सतत नाचणारं काही नाही. हे नोंदवहीचं काम आहे, आणि नोंदवहीच्या कामात सर्व्हरवर पान बनवून पाठवणारा कुठलाही जुना, धट्टाकट्टा फ्रेमवर्क पुरतो. वेगाची चर्चा तर सोडूनच द्या. एका कोल्ड स्टोरेजच्या दिवसभराच्या नोंदी या तिघांपैकी कोणालाही घाम फोडणार नाहीत.

घोडं कुठे पेंड खाईल ते सांगतो. समजा एका लॉटमध्ये ४०० बॉक्स शिल्लक आहेत. ऑफिसातला कारकून २५० चा गेटपास काढतोय. त्याच मिनिटाला अडतीच्या टेबलावरचा दुसरा त्याच लॉटचा २०० चा काढतोय. दोघांच्या पडद्यावर शिल्लक ४०० च दिसते, दोघांचंही बटण चालतं, आणि संध्याकाळी चेंबरमध्ये पन्नास बॉक्स कमी. मग हमालावर आळ. हे टाळायला डेटाबेसमध्ये व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सुरू करून त्या लॉटची ओळ कुलूपबंद करावी लागते, शिल्लक पुन्हा वाचावी लागते आणि मगच वजा करावी लागते. लाराव्हेलमध्ये त्यासाठी ‘लॉक फॉर अपडेट’ आहे, जँगोत ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ आहे, आणि दोन्हीकडे ते फ्रेमवर्कच्या स्वतःच्या डेटाबेस भागात बसलेलं आहे. नेक्स्ट जेएसमध्ये डेटाबेसचा भागच येत नाही. कुठली लायब्ररी घ्यायची ते तुम्ही ठरवायचं, मग ती कुलूप कसं लावते ते शिकायचं. लॉगिन, कोणाला काय दिसावं, फॉर्मची तपासणी, मागे चालणारी कामं, एसएमएसची रांग, यांचंही तसंच. मित्राच्या दोन वर्षांच्या अनुभवात हे सगळं कोणीतरी आधीच ठरवून ठेवलेलं असावं. पुण्याच्या कंपन्यांत मागचं सांभाळायला वेगळी माणसं असतात. तुमच्याकडे मागचंही तुम्हीच.

रुपयांचे आणि वजनाचे रकाने ‘डेसिमल’ ठेवा, ‘फ्लोट’ नको, त्यात आकडा अंदाजे साठतो. पट्टीत दहा पैशांचा फरक निघाला की शेतकरी पूर्ण पट्टी पुन्हा मोजायला लावतो, आणि त्याचं बरोबर असतं.

दुसरी अडचण मराठीची. तुमच्या पत्रात ती दोन शब्दांत आली आहे, ‘मराठीत पट्टी’, पण माझ्या मते या कामातले निम्मे तास तिथे जाणार आहेत. लाराव्हेलमध्ये पीडीएफ म्हटलं की लोक डोळे मिटून डॉमपीडीएफ लावतात. ते अक्षरं एकापुढे एक मांडतं. देवनागरीत अक्षरं एकमेकांत गुंततात हे त्याला कळत नाही. ‘शिर्के’मधली वेलांटी श च्या उजवीकडे जाते, रफार भलतीकडे, जोडाक्षरं पाय मोडून पडतात. गिऱ्हाइकाला असा नमुना दाखवलात तर फ्रेमवर्कची चर्चा तिथेच संपेल. एमपीडीएफ घ्या. त्यात देवनागरीची जुळणी नीट होते, फक्त योग्य फॉन्ट द्यावा लागतो आणि ओपनटाइपची (अक्षरं जुळवण्याची) सोय मुद्दाम चालू करावी लागते. नाहीतर सर्व्हरवर क्रोम बसवून त्याच्याकडूनच पान पीडीएफ करून घ्या. ब्राउजरशॉट नावाचं पॅकेज तेच करतं. क्रोमला मराठी येतं. जँगोवाल्यांना वीझीप्रिंट आहे, जावास्क्रिप्टच्या नोडवाल्यांना पपेटीयर आहे, म्हणजे वाट सगळीकडे आहे. पण ती वाट निवडीच्या आधी चालून बघायची, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे.

नावं शोधताना अजून एक गंमत होईल. ‘कऱ्हाडे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाइप होतं: एका कीबोर्डावर नुक्त्याच्या ऱ ने, दुसऱ्यावर साध्या र ला हलंत आणि न दिसणारा जोडणारा जोडून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, डेटाबेसला ती दोन वेगळी माणसं वाटतात. ‘ॲड.’मधल्या ॲ चंही तसंच, कोणी एका कळीने काढतं, कोणी अ वर चंद्र चढवतं. युनिकोडचं (अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नेहमीचं सामान्यीकरण लावून या जोड्या एक होत नाहीत. म्हणून शोधासाठी नावाचा एक वेगळा रकाना ठेवा आणि तुमच्या कोडने सगळी रूपं एकाच रूपात आणून तिथे साठवा. नाहीतर एकाच शेतकऱ्याची दोन खाती उघडतील, उचल एका खात्यावर आणि माल दुसऱ्यावर.

फॉक्सप्रोतला डेटा तर याहून अवघड. तिथली मराठी बहुधा युनिकोडमध्ये नसेल, एखाद्या जुन्या फॉन्टच्या खुणांमध्ये असेल. फाइल उघडलीत की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसेल. कुठला फॉन्ट होता ते आधी शोधा, कारण प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा, आणि रूपांतर करणारं साधन त्यावर ठरतं. हे काम याच आठवड्यात सुरू करा. फ्रेमवर्क ठरायची वाट बघू नका, त्याचा याच्याशी संबंध नाही.

त्या जुन्या प्रोग्रॅमला हसू मात्र नका. मायक्रोसॉफ्टने व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार २०१५ मध्ये काढून घेतला, लिहिणारा माणूस गेला, तरी तासगावात त्यावर सौद्याचा हिशेब होतोय. कारकुनाच्या शेजारी एक दिवस बसून बघा. तो माउसला हात लावत नाही. एंटर, एंटर, आकडा, एंटर, आणि पावती छापली. तुमच्या वेब फॉर्ममध्ये एंटर दाबलं की अर्धवट फॉर्मच पाठवला जातो, हे त्याला पहिल्या दिवशी सापडेल आणि दुसऱ्या दिवशी तो मालकांना ‘जुनंच बरं होतं’ म्हणून सांगेल. एंटरने पुढच्या रकान्यात जाणं, कीबोर्डाच्या उजवीकडचे आकडे, फंक्शनच्या कळा, हे थोड्याशा साध्या जावास्क्रिप्टने होतं. काट्याचं वजन थेट फॉर्ममध्ये हवं असं मालक आज ना उद्या म्हणतीलच. क्रोमला २०२१ पासून सीरियल पोर्ट वाचता येतो, पान एचटीटीपीएसवर हवं एवढीच अट. यातलं काहीही नेक्स्ट जेएस किंवा लाराव्हेल ठरवत नाही.

आता मित्राच्या दोन मुद्द्यांकडे येऊ, कारण ते अगदीच पोकळ नाहीत.

पीएचपी म्हटलं की गिऱ्हाईक नाक मुरडतं, हे मोठ्या शहरातल्या, स्वतःचा तांत्रिक माणूस ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल खरं असेल. बेदाण्याच्या मालकाला प्रोग्रॅम कशात लिहिलाय हे विचारायला वेळ नाही. तो एवढंच विचारेल: तुम्ही दोघं उद्या पुण्याला नोकरीला गेलात तर माझं कोण बघणार? सांगली-कोल्हापुरात पीएचपी येणारा तिसरा माणूस शोधायला तुम्हाला किती वेळ लागेल आणि नेक्स्ट जेएसमध्ये डेटाबेसपर्यंतचं सगळं येणारा शोधायला किती, याचं उत्तर माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.

‘आज सगळे हेच वापरतात’ हा दुसरा मुद्दा. अँग्युलर जेएस या फ्रेमवर्कच्या वेळीही सगळे तेच वापरत होते. २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते जुन्याशी जुळतच नव्हतं, आणि २०२१ संपताना जुन्याचा आधार संपला. ज्यांनी मोठी कामं त्यावर उभी केली होती, त्यांना एकतर सगळं पुन्हा लिहावं लागलं किंवा आधाराविना राहावं लागलं. व्ह्यू २ या तशाच फ्रेमवर्कचा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. रिॲक्टने जुनं कोड मोडायचं बऱ्यापैकी टाळलं आहे, हे श्रेय द्यायला हवं. पण त्याभोवतीची साधनं बदलत राहतात: नवशिक्यांना वर्षानुवर्षं जे शिकवलं जायचं ते क्रिएट रिॲक्ट ॲप रिॲक्टवाल्यांनीच फेब्रुवारी २०२५ मध्ये निवृत्त केलं.

सुरक्षेचंही बघा. मार्च २०२५ मध्ये नेक्स्ट जेएसमध्ये असा दोष सापडला की लॉगिनची तपासणी फक्त मिडलवेअरमध्ये (पानाच्या आधी चालणाऱ्या कोडमध्ये) ठेवली असेल, तर विनंतीत एक ठरावीक हेडर (सोबतची माहितीची ओळ) घालून ती सरळ ओलांडता यायची. डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये त्याहून गंभीर दोष निघाला. लॉगिन न करता बाहेरचा माणूस सर्व्हरवर स्वतःचं कोड चालवू शकत होता, आणि नेक्स्ट जेएसही त्यात सापडलं. हे सांगून लाराव्हेल सोवळं आहे असं मला म्हणायचं नाही. २०२१ मध्ये त्याच्या एरर दाखवणाऱ्या इग्निशन या भागातून तसाच शिरकाव होत होता, डीबग मोड (चुकांचा तपशील दाखवणारी सोय) चालू ठेवून साइट लोकांसमोर ठेवणाऱ्यांच्या सर्व्हरवर. आणि ‘आत्ता पुरतं’ म्हणून डीबग मोड चालू ठेवणारे आपल्याकडे काही कमी नाहीत. दोष सगळ्यांत निघतात. बातमी आली त्या रात्री दुरुस्ती चढवायला बसणाऱ्याला ते कोड ओळखीचं असावं लागतं.

मावसभावाचं म्हणणं एका जागी मात्र लाराव्हेलपेक्षा सरस ठरतं, आणि ते ॲडमिनबद्दल नाही. ॲडमिन लाराव्हेललाही आहे; फिलामेंट नावाचं फुकट पॅकेज लावा, शेतकरी, वाण, प्रतवारी, दर यांच्या याद्या दोन दिवसांत उभ्या राहतील. सरस आहे ते जँगोचं वेळापत्रक. एप्रिल २०२५ मध्ये आलेलं जँगो ५.२ हे दीर्घ आधाराचं आहे, एप्रिल २०२८ पर्यंत त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतील. लाराव्हेलची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी येते. प्रत्येकीला दोषदुरुस्ती अठरा महिने आणि सुरक्षा दोन वर्षं. म्हणजे लाराव्हेल घेतलंत तर साधारण दर वर्षी-दीड वर्षाला आवृत्ती चढवायचं काम अंगावर आहे. ते फुकट करू नका. मालकांशी करार करताना वार्षिक देखभालीच्या रकमेत ते लिहून घ्या, आणि पावसाळ्यात करा, आवक नसते तेव्हा. तुम्ही दोघंही पायथन जाणत असतात, तर एवढ्या एका कारणावरून मी जँगो म्हटलं असतं.

राहिला मित्र. त्याला नेक्स्ट जेएस हवंय ते बऱ्याच अंशी बायोडाटासाठी, असा माझा अंदाज आहे. तो चुकीचा असू शकतो, आणि बरोबर असला तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त ते टेबलावर ठेवून बोला. ‘पुढच्या नोकरीसाठी तुला हे हवं असेल तर दुसरं एखादं काम त्यात करू, पण या मालकांच्या हंगामावर शिकायला नको,’ असं सरळ म्हणता येतं. दुखावतो माणूस तो ‘तुझं तंत्र वाईट आहे’ म्हटल्यावर, आणि ते म्हणायची गरजच नाही, कारण ते खरंही नाही. उद्या हेच मालक बेदाणा थेट ग्राहकाला विकायला दुकान काढतील, फोटो, चव, ऑर्डर, परगावचे लोक गूगलवरून येणार, तेव्हा नेक्स्ट जेएसचा विचार पहिला करा आणि ते काम त्याच्या हातात द्या.

तरीही वाद मिटला नाही तर एक शनिवार-रविवार घ्या. टू-डू लिस्ट बनवू नका, त्यात सगळेच पास होतात. दोघांनी आपापल्या आवडीच्या फ्रेमवर्कमध्ये एकच तुकडा करायचा: दोन खिडक्यांतून एकाच वेळी एकाच लॉटचा गेटपास, कारकुनाला उचलीची रक्कम बदलता येऊ नये, आणि ‘शिर्के’ व ‘कऱ्हाडे’ नावांची पट्टी कागदावर छापून. रविवारी संध्याकाळी एकमेकांचं कोड उघडा आणि दुसऱ्याने त्यात एक छोटा बदल करायचा, उदाहरणार्थ भाडं महिन्याऐवजी पंधरवड्याने लावणं. कोणाचं लवकर झालं यापेक्षा दुसऱ्याला ते किती वेळात समजलं, ते बघा. त्याने तिथे मला खोटं पाडलं, तर नेक्स्ट जेएस घ्या आणि मला कळवा.

एक मधली वाट आहे, तीही सांगून ठेवतो. इनर्शिया नावाचं पॅकेज वापरून लाराव्हेलच्या आत रिॲक्टची पानं करता येतात. लाराव्हेल १२ च्या सुरुवातीच्या साच्यांमध्ये रिॲक्टचा साचाही आहे. नियम, हिशेब, कुलूप, लॉगिन लाराव्हेलकडे आणि पडदा रिॲक्टकडे. चेंबरचा नकाशा, कुठल्या रॅकवर कुठला लॉट, बोटाने सरकवून जागा बदलणं, असं पान करायचं असेल तर तिथे रिॲक्ट खरोखर शोभेल आणि मित्राला आवडेल. पण पहिल्या हंगामात नकाशा नको. आवक पावती, गेटपास, भाडं, उचल, पट्टी एवढं नीट चालू द्या. बाकी जूननंतर.

एसएमएसचं कागदपत्रांचं काम आजच मालकांच्या गळ्यात घाला. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांमुळे पाठवणाऱ्याचं नाव आणि संदेशाचा साचा डीएलटी या नोंदणीच्या व्यवस्थेवर आधी नोंदवावा लागतो, मराठी साचाही. आणि मराठी एसएमएस ७० अक्षरांचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही. ‘आपला माल मिळाला’ पासून मालकांच्या फर्मच्या लांबलचक नावापर्यंत सगळं लिहीत बसलात तर एका संदेशाला तीन संदेशांचे पैसे पडतील.

ता. क. चं उत्तर. स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग पीएचपीला चालतं म्हणून तिकडे जाऊ नका. तिथे मागे चालणारी रांग नीट चालत नाही आणि क्रोम बसवता येत नाही. मुंबईत डेटा सेंटर असलेल्या कुठल्याही कंपनीचा छोटा व्हीपीएस (स्वतःपुरता भाड्याचा सर्व्हर) घ्या, चार जीबी मेमरीचा, मालकांच्या नावावर आणि मालकांच्या कार्डावर. तुमच्या नावावर घेतलात तर बिल थकलं की भांडण तुमच्याशी होतं. गेटवर मोबाइलचं हॉटस्पॉट दुसरी वाट म्हणून ठेवा, कारण लाइट गेली की राउटर जातो. डेटाबेसचा बॅकअप रोज रात्री दुसऱ्या ठिकाणी जाऊ द्या, आणि पहिला बॅकअप आला की त्याच आठवड्यात तो तुमच्या लॅपटॉपवर चढवून, त्यातून एक पट्टी छापून बघा.